जीएसटी उतरला, पण तुमच्या मॉनिटरचा नव्हे

२२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीचे नवे दर आले आणि त्याच आठवड्यात ऑनलाइन सेलचाही धडाका सुरू झाला. टीव्ही, एसी, डिशवॉशर यांच्या पंक्तीत 'मॉनिटर'ही बातम्यांत बसला: २८ टक्क्यांवरून १८ टक्के. घरात कॉम्प्युटरवर गेम खेळणारं कुणी असेल, तर 'आता तरी घेऊ या' ही भुणभुण एव्हाना सुरू झाली असेल. त्या उत्साहावर थोडं विरजण घालणं भाग आहे. ही कपात ३२ इंचांहून मोठ्या मॉनिटरसाठी आहे. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरचा कर १८ टक्क्यांवर आला तो १ जानेवारी २०१९ रोजी. गेमिंगसाठी बहुतेक लोक घेतात त्या २४ आणि २७ इंची मॉनिटरच्या करात या कपातीने एका पैशाचाही फरक पडलेला नाही. त्यावर सूट मिळत असेल तर ती सेलची आहे, सरकारची नाही. आणि कर खरोखर उतरला आहे तिथेही १२८ रुपयांची वस्तू ११८ला मिळणार, म्हणजे जेमतेम आठ टक्के स्वस्त.

पण जाहिरातीतला जीएसटी निदान पडताळून पाहता येतो. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला '१ एमएस' पडताळणार कसा? आठ-नऊ हजारांच्या मॉनिटरवर तो आकडा असतो आणि पंचवीस हजारांच्या मॉनिटरवरही असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात विचारलंत, तर 'एक एमएस आहे साहेब, एकदम फास्ट' एवढंच उत्तर मिळेल. एमएस म्हणजे मिलिसेकंद, हे ठीक, पण कशाचा? पिक्सेलला एका करड्या छटेतून दुसऱ्या छटेत जायला लागणारा वेळ, हे एक मोजमाप. त्यात कंपनी आपली सर्वांत वेगवान उडी निवडू शकते, तीही पॅनेलला सर्वांत जोरात हाकणाऱ्या सेटिंगवर. ते सेटिंग प्रत्यक्षात चालू केलं तर हलत्या वस्तूंच्या मागे उजळ, विचित्र भुतं दिसायला लागतात. दुसरं मोजमाप एमपीआरटी, म्हणजे हलती प्रतिमा डोळ्याला किती धूसर दिसते त्याचं. तो आकडा १ वर आणायला स्क्रीनमागचा प्रकाश उघडझाप करवून धूसरपणा कमी केला जातो. उजेड कमी होतो आणि बहुतेक मॉनिटरांत तेव्हा इतर सोयी बंद ठेवाव्या लागतात. दोन्ही मोजमापं खोक्यावर पुष्कळदा सारखीच दिसतात.

हे प्रकरण नीट समजून घ्यायचं तर मार्क रेजॉन या कॅनेडियन गृहस्थाकडे वळावं लागतं. 'ब्लर बस्टर्स' हा त्यांचा उद्योग, आणि हलती प्रतिमा धूसर का दिसते हा त्यांचा ध्यास. त्यांचा मुद्दा असा: जुन्या काचेच्या मॉनिटरवर प्रतिमा क्षणभर चमकून विझायची. आजचा एलसीडी पडदा मात्र पुढची फ्रेम येईपर्यंत तीच प्रतिमा धरून ठेवतो. डोळा हलत्या वस्तूचा पाठलाग करत पुढे सरकत असतो, प्रतिमा जागीच थांबलेली असते, आणि डोळ्याच्या पडद्यावर ती फराटा उमटवते. म्हणजे पिक्सेल कितीही चपळ असला तरी हा धूसरपणा राहतोच. त्यांचा नियम पाठ करण्याइतका सोपा आहे: वस्तू सेकंदाला १००० पिक्सेल वेगाने जात असेल, तर प्रतिमा जितके मिलिसेकंद टिकते तितक्या पिक्सेलचा फराटा. साध्या फुल एचडी स्क्रीनची रुंदी दोन सेकंदांत ओलांडण्याचा हा वेग, फारसा अचाट नव्हे.

आता हिशेब करा. ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या पडद्यावर, प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, म्हणजे सुमारे १७ पिक्सेलचा फराटा. १४४ हर्ट्झवर तो ७ वर येतो, १८० वर साडेपाच, २४० वर ४. पहिल्या टप्प्यात १० पिक्सेल वाचले. १४४ वरून २४० वर जाण्यासाठी जे जादा पैसे मोजायचे, त्यांच्या बदल्यात तीनही नाहीत. स्पर्धेत खेळणाऱ्यांना त्या तिनाचंही मोल असेल. बाकीच्यांनी १४४ ते १८० च्या दरम्यान थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्थात, ग्राफिक्स कार्डाने तितक्या फ्रेम तयार केल्या तरच हे गणित जमतं. 'व्हॅलोरंट'सारखा खेळ बेताच्या कार्डावरही सुसाट पळतो. 'सायबरपंक २०७७' भल्याभल्या कार्डांना घाम फोडतो. इथेच बहुतेकांचं बजेट चुकतं. फुल एचडी पडद्यावर सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, १४४०पीवर ३७ लाख आणि फोर-के वर ८३ लाख. फोर-के मॉनिटर स्वस्त झालेत म्हणून घेतला, तर कार्डावर चौपट बोजा पडला. कार्ड जुनं असेल तर २४ इंच आणि फुल एचडी ही जोडीच बरी. २७ इंचांवर मात्र फुल एचडी घेऊ नका. अक्षरं फुटलेली दिसतात. २७ इंच म्हटलं की १४४०पी.

फ्रेमचा वेग वरखाली होत असताना चित्र फाटू नये म्हणून अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक लागतं. एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक आणलं तेव्हा त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळं, महागडं मॉड्यूल असायचं. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने आपली कार्डं वेगळ्या मॉड्यूलशिवाय हीच सोय देणाऱ्या फ्रीसिंक मॉनिटरांना खुली केली आणि तो खर्च टळला. आज स्वस्तातल्या गेमिंग मॉनिटरांतही ही सोय सहसा असते. पीएस५ वाल्यांनी मात्र जपून: त्या यंत्राला एचडीएमआय २.१ ची पद्धत लागते, नुसतं फ्रीसिंक लिहिलेलं त्याला चालत नाही.

पॅनेलबद्दल थोडक्यात. आयपीएसमध्ये काळा रंग करडा वाटतो, कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१. व्हीएमध्ये तो ३०००:१ च्या घरात, काळोख खराखुरा. पण स्वस्त व्हीए पॅनेलवर अंधाऱ्या दृश्यात हलत्या वस्तू काजळासारख्या फासल्या जातात. वक्र, देखणे, स्वस्त मॉनिटर बहुतेक व्हीए असतात. सिनेमे जास्त पाहत असाल तर घ्या, नेमबाजीचे खेळ खेळत असाल तर नको. आणि उजेड-काळोखातला फरक खुलवणारं 'एचडीआर'? बेताच्या किमतीत विसरा. 'डिस्प्लेएचडीआर ४००' हा पहिल्या पायरीचा दर्जा मिळवायला पडद्याचा भाग-भाग वेगळा उजळण्या-मंदावण्याची क्षमता सक्तीची नाही, आणि त्याशिवाय एचडीआर म्हणजे नुसता स्टिकर.

मॉनिटरला आपल्याकडे बीआयएस नोंदणी सक्तीची आहे, पण ती विद्युत सुरक्षेपुरती. शॉक बसणार नाही याची हमी सरकार घेतं. '१ एमएस' कसा मोजला हे विचारायला कुणी नाही. फ्रिजवर तारे लावून विजेचा हिशेब सांगायची सक्ती करता येते, तर मॉनिटरवर 'कोणत्या सेटिंगवर, कोणत्या पद्धतीने' एवढं छापायची सक्ती करायला काय हरकत आहे? तोवर दुकानात रेजॉन यांचीच 'टेस्ट यूएफओ' ही मोफत चाचणी ब्राउझरमध्ये उघडायला सांगा. उडती तबकडी किती पुसट दिसते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. दुकानदार नाही म्हणाला, तर शेजारच्या दुकानात जा.

बेताच्या बजेटसाठी निवाडा: २४ इंच, फुल एचडी, आयपीएस, १४४ ते १८० हर्ट्झ, आणि मान बरी राहावी म्हणून उंची बदलता येणारा स्टँड मिळाला तर उत्तम. उरलेले पैसे कार्डात घाला. मॉनिटर घरी आणल्यावर शक्यतो डिस्प्लेपोर्टची केबल वापरा, कारण काही मॉनिटरांचं एचडीएमआय पोर्ट पूर्ण वेग देत नाही. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून रिफ्रेश रेट तपासा. तो बऱ्याचदा ६० वरच असतो, आपण होऊन बदलत नाही.