तारेच्या दुसऱ्या टोकाचा माणूस

कर्नाटकातलं सुप्याचं धरण 101 मीटर उंच आहे. काळी नदीच्या खोऱ्यात उन्हं तापली की त्या भिंतीच्याही वर घारी पंख न हलवता गोल गोल चढत राहतात. तापलेली हवाच त्यांना उचलते. इंजिन नसलेलं ग्लायडर याच हवेवर जगतं, पण तिथवर पोचायला त्याला पंख फडफडवता येत नाहीत. कुणीतरी त्याला वर नेऊन सोडावं लागतं.

पुण्याजवळ हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं ग्लायडिंग सेंटर आहे. तिथं हे काम विंच करतो. विंच म्हणजे दमदार इंजिनाला जोडलेलं तारेचं रीळ. धावपट्टीच्या एका टोकाला विंच, दुसऱ्या टोकाला ग्लायडर आणि मध्ये गवतावर पसरलेली साधारण किलोमीटरभर तार. तारेची ढील संपेपर्यंत विंच ती हळूच गुंडाळतो, मग इशारा मिळताच जोर लावतो. पंखाचं टोक धरून धावणारा मदतनीस काही पावलांतच मागे पडतो. ग्लायडर जमीन सोडतं, सुरुवातीला बेतानंच चढतं आणि पुरेसा वेग आला की नाक वर करून जवळजवळ 45 अंशांत उभं चढू लागतं. पाऊण मिनिटाच्या आत ते 300 ते 400 मीटरवर असतं. म्हणजे सुप्याच्या तीन-चार भिंती एकावर एक.

पतंगाशी याचं नातं आहेच. फरक इतकाच की इथं वाऱ्याची वाट पाहायची नसते, फिरकीच वारा तयार करते. समोरून खरा वारा असला तर उंची आणखी मिळते.

हिशेब केला तर गंमत वाटते. दोन माणसांसह सव्वापाचशे किलोचं ग्लायडर 350 मीटर वर नेणं म्हणजे जेमतेम अर्धा युनिट वीज. पण ती ऊर्जा अर्ध्या-पाऊण मिनिटात ओतायची असते. शिवाय सुरुवातीचा वेग, हवेचा विरोध आणि तारेचं वजन आहेच. म्हणून इंजिन दोनशे अश्वशक्तीचं किंवा त्याहून मोठं लागतं.

अवघड भाग पुढे आहे. ग्लायडर जसं विंचच्या डोक्यावर येत जातं, तशी तार त्याला पुढे कमी आणि खाली जास्त ओढते. पंखांना मग स्वतःचं वजन आणि वर ही ओढ, दोन्ही पेलावं लागतं. भार दीडपट झाला तर ज्या वेगाखाली पंख उचल सोडतात, तो वेग सुमारे 22 टक्क्यांनी वाढतो, कारण तो भाराच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. एरवी निर्धास्त असलेला वेग इथं धोक्याचा ठरू शकतो. उलट वेग फार वाढला तर सांगाड्यावर ताण येतो. म्हणून तारेत मुद्दाम एक कच्चा दुवा घालतात. ठरलेल्या ओढीपलीकडे तोच तुटतो, विमान शाबूत राहतं. पोटाखालचा हूक तर वैमानिक विसरला तरी तार मागे जाताच आपोआप सुटतो.

तार मध्येच तुटली तर नाक वर असलेलं ग्लायडर क्षणात वेग गमावतं. अशा वेळी आधी नाक खाली घालायचं, वेग आल्याची खात्री करायची आणि मगच वळायचं की समोर उतरायचं ते ठरवायचं. शिकाऊ वैमानिकाकडून हे पुन्हा पुन्हा घोटून घेतात, आणि ते योग्यच आहे.

आपल्या देशी ग्लायडरांची नावं मला फार आवडतात. नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्रानं 1958 मध्ये अश्विनी उडवलं. त्याच्या जोडीला भरणी, कार्तिक, 1961 चं रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. नक्षत्रांची माळच. रोहिणीत गुरू-शिष्य शेजारी शेजारी बसत.

तरीही माझ्या लेखी या खेळातला सर्वांत कसबी माणूस जमिनीवरच असतो. विंचचालकाला कॉकपिटमधला वेगमापक दिसत नाही. किलोमीटरभर लांबून तारेचा झोल, इंजिनाचा आवाज आणि ग्लायडरचा कोन पाहून तो ओढ राखतो आणि ग्लायडर माथ्यावर येताच ती अलगद कमी करतो. शेजारी तार तोडायचं पातंही तयार असतं. ग्लायडरची तार सुटायची राहिलीच तर ती त्यानं कापायची.

हडपसरला ग्लायडर पाहायला गेलात, तर उड्डाणं थांबल्यावर परवानगी घेऊन धावपट्टीच्या त्या टोकालाही जा आणि विंच चालवणाऱ्याशी चार शब्द बोला.