जुनी रेंज रोव्हर : लोक तिच्यात काय बघतात?

आज एकच प्रश्न घेऊ. तीस-चाळीस वर्षं जुनी, लिटरला जेमतेम पाच-सहा किलोमीटर देणारी आणि सारखी दुरुस्ती मागणारी रेंज रोव्हर ब्रिटनमधली माणसं हौसेनं का सांभाळतात? ‘प्रतिष्ठेसाठी’ हे उत्तर पुरत नाही. प्रतिष्ठा हवी असेल तर नवी गाडी हप्त्यावर मिळतेच की! २००८ साली ही कंपनी टाटा मोटर्सनं घेतली, त्यामुळे नाव आपल्याला परकं नाही. पण गोष्ट सुरू होते १९७० साली, इंग्लंडमधल्या सोलिहलच्या कारखान्यात.

तोवर चिखलात, डोंगरात चालणाऱ्या बहुतेक गाड्यांना पाटे असायचे. पाटे दणकट, पण कडक. शेतात ठीक, लांबच्या प्रवासात कंबर मोडायची. अभियंते स्पेन किंग यांनी रेंज रोव्हरला मऊ, लांब हालचालीच्या कॉइल स्प्रिंग दिल्या. आता गंमत बघा. एक चाक खड्ड्यात उतरलं, तर मऊ स्प्रिंग त्याला जमिनीला टेकू देते, म्हणून पकड सुटत नाही. आणि हीच स्प्रिंग डांबरी रस्त्यावरचे हादरे गिळते. म्हणजे आराम आणि दमखम हे दोन्ही एकाच भागातून आले.

सुरुवातीची गाडी आतून साधीच होती. चिखल पाण्यानं धुऊन काढता यावा म्हणून प्लास्टिक आणि व्हिनाइल. १९८१ पर्यंत कारखान्यातून ती दोनच दारांची यायची. चामडं, लाकूड, बाकीचा थाट नंतर चढत गेला.

नव्वदच्या दशकात स्प्रिंगच्या जागी हवेवरचं सस्पेन्शन आलं. चालायला सुरेख! पण त्यातल्या रबरी पिशव्यांना वयानुसार भेगा पडतात, हवा गळते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर सतत चालतो आणि शेवटी बंद पडतो. सकाळी बघावं, तर गाडी खाली बसलेली. म्हणून पुष्कळ मालक पुन्हा कॉइल स्प्रिंग बसवून घेतात. थाट उतरतो, मूळ गुण उरतो.

घेणाऱ्यानं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. महागडी गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. दुसरं म्हणजे, पहिल्या पिढीच्या गाडीचे बाहेरचे बरेचसे पत्रे ॲल्युमिनियमचे, त्यामुळे ती वरून धडधाकट दिसते. आतला सांगाडा मात्र पोलादी, आणि गंज तिथेच लागतो. व्ही-एट इंजिनाचा आवाज ऐकून भुलण्याआधी खाली वाकून बघा.

मग मोह कसला? तर काय बिघडलंय हे डोळ्यांना दिसतं, हातांना कळतं आणि बरंचसं स्वतः दुरुस्त करता येतं. ते करायची तयारी असेल, तर ही गाडी आयुष्यभर पुरते. नसेल, तर लांबून बघावी. त्यातही आनंद आहेच.