रेसिंगचे पॅड आणि घाटाचा रस्ता : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘रेसिंगचे पॅड टाक, गाडी जागच्या जागी थांबेल.’ व्हर्टस जीटी, पोलो जीटी, आय20 एन लाइन, ऑक्टाव्हिया आरएस अशी पळणारी गाडी असलेल्या आणि नाशिक-पेठ रस्त्यावर नेहमी जाणाऱ्या माणसाला हा सल्ला कुणी ना कुणी देतोच. कधी मित्र, कधी पार्टवाला, कधी गॅरेजमधला मिस्त्री. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सल्ला चुकीचा आहे. सावळ घाट, कोटंबी घाट आणि पेठच्या पुढे कपराड्याचा कुंभघाट उतरणाऱ्या गाडीसाठी तर तो धोक्याचा आहे. म्हणून आधी त्याचाच हिशेब मांडू.

मुख्य गैरसमज : रेसिंग पॅड म्हणजे जास्त चांगला ब्रेक

गाडी रस्त्यावर थांबवतो तो टायर. पॅड डिस्कला धरतो, डिस्क चाकाला अडवते आणि शेवटी टायर रस्त्याला धरतो. टायरची पकड संपली की पॅड कितीही भारी असला तरी गाडी एक वीतभरही आधी थांबत नाही. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक साधारण 0.8 धरला, तर ताशी 80 किलोमीटर वेगातली गाडी ब्रेक लागल्यापासून 32 मीटरच्या आसपास थांबते. पावसात ओल्या रस्त्यावर तोच अंक 0.5 वर आला, की तिला 50 मीटर लागतात. पेठ तालुक्यात पाऊस किती कोसळतो हे इथे कुणाला सांगायला नको. हे वाढलेले 18 मीटर कोणताही पॅड परत मिळवून देऊ शकत नाही. चांगला टायर त्यातले काही देऊ शकतो.

स्वतःच्या गाडीची परीक्षा सोपी आहे. रिकाम्या, सरळ, कोरड्या रस्त्यावर मागे-पुढे कुणी नसताना ब्रेक पूर्ण दाबा. पेडल पायाखाली धडधडलं, म्हणजे एबीएस जागं झालं, तर तुमचे सध्याचे पॅड टायरची सगळी पकड वापरून घेण्याइतके सक्षम आहेत. त्याहून ‘कडक’ पॅड घालून थांबण्याचं अंतर कमी होणार नाही. 2019 च्या एप्रिलपासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे ही परीक्षा बहुतेकांना करता येईल.

मग रेसिंग पॅड बनवतात कशासाठी? तापमानासाठी. शर्यतीत दर थोड्या सेकंदांनी जोरदार ब्रेक लागतो आणि डिस्क कित्येक शे अंशांवर तापून राहते. साधा पॅड तिथे पकड सोडतो, रेसिंगचा पॅड टिकतो. पण तोच पॅड गार असताना कमी धरतो. कारण त्याचं मिश्रणच तापल्यावर काम करण्यासाठी केलेलं असतं. रोजच्या वापरात डिस्कचं तापमान बहुतेक वेळ शंभर-दीडशे अंशांच्या आत असतं. सकाळी करंजाळीतून निघालात आणि पहिल्याच वळणावर बैल आडवा आला, तर त्या क्षणी पॅड गारच असणार. पॅडचा घर्षणांक 0.40 च्या जागी 0.30 असेल, तर पायाचा जोर तेवढाच असूनही थांबवणारं बल चौथ्या हिश्शाने कमी होतं. शर्यतीचा चालक सुरुवातीच्या फेरीत मुद्दाम ब्रेक तापवून घेतो. गावातल्या रस्त्यावर ती सवलत कुणालाच नसते. पॅड बनवणाऱ्या कंपन्या हे लपवत नाहीत. तापमान आणि घर्षणाचा आलेख त्या स्वतः देतात, आणि निव्वळ शर्यतीच्या पॅडच्या खोक्यावर ‘रस्त्यावर वापरू नये’ असं छापतात. तरीही तेच पॅड रस्त्यावरच्या गाडीला लावले जातात, याचा राग येतो.

‘पण घाटात तर पॅड तापतातच ना?’ तापतात. हा प्रश्न रास्त आहे, म्हणून आकडे पाहू. 1,500 किलोची गाडी ताशी 100 वरून एकदा थांबवली, तर सुमारे 5.8 लाख जूल उष्णता तयार होते. तीच गाडी 300 मीटर उंची उतरताना वेग न वाढवता आणायची, तर सुमारे 44 लाख जूल कुठेतरी जिरवावे लागतात. म्हणजे ताशी 100 वरून साडेसात वेळा थांबवण्याइतके. काही भाग हवा आणि टायर घेतात, उरलेला इंजिन घेऊ शकतं. मात्र त्यासाठी गाडी खालच्या गिअरमध्ये हवी. सगळा भार ब्रेकवर टाकला तर कोणताही पॅड अखेर हरेल. घाटाचं उत्तर आधी गिअरमध्ये आहे आणि नंतर पॅडमध्ये.

इथे आणखी एक घोळ होतो. घाटात ‘ब्रेक गेला’ ही तक्रार दोन वेगळ्या कारणांनी येते आणि पाय ती ओळखू शकतो. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून पकड सोडतोय. पेडल नरम होऊन खाली जातंय, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले असण्याची शक्यता मोठी आहे. दुसऱ्या प्रकारात महागडा पॅड काहीही करू शकत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा मानकानुसार डॉट 4 ऑइल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळता कामा नये, पण ओलावा शोषल्यावर ही मर्यादा 155 वर येते. डॉट 3 साठी हेच आकडे 205 आणि 140 आहेत. पॅडवर आठ-दहा हजार रुपये खर्च करणारे कितीतरी लोक चार-चार वर्षं ऑइल बदलत नाहीत. दोन वर्षांतून एकदा ते बदललं तर घाटात पॅडपेक्षा जास्त फरक पडेल.

पॅडवरची अक्षरं

पॅडच्या कडेला ‘एफएफ’ किंवा ‘जीजी’ अशी दोन अक्षरं असतात. ‘जी आहे, म्हणजे भारी’ असं दुकानात सांगतात. एसएई जे 866 या पद्धतीत ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45 आणि जी म्हणजे 0.45 ते 0.55. पहिलं अक्षर साधारण तापमानाचं, दुसरं जास्त तापलेल्या स्थितीचं. पण हे माप प्रयोगशाळेत इंचभर तुकडा घासून काढलेलं असतं, आणि पहिल्या अक्षराचं मोजमापच 93 अंशांपासून सुरू होतं. सकाळच्या पहिल्या ब्रेकबद्दल ते काहीच सांगत नाही. त्यापेक्षा गोलातलं ‘ई’ अक्षर आणि ‘90 आर’ ही खूण शोधा. युरोपच्या या नियमात बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या 15 टक्क्यांच्या आत असावी लागते, आणि ती प्रत्यक्ष गाडीच्या ब्रेकवर तपासली जाते.

थोडक्यात आणखी काही

फक्त पुढचे पॅड कडक घातले की झालं : नाही. पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल गाडी बनवताना ठरवलेला असतो, तो बिघडतो.

एकाच बाजूचा पॅड झिजला, तेवढाच बदला : कधीच नको. एका अ‍ॅक्सलवरचे दोन्ही बाजूंचे एकदम बदला, आणि एकच बाजू का झिजली ते कॅलिपर उघडून पाहा.

पॅडचा रंग त्याचा दर्जा सांगतो : रंग ही ज्या त्या कंपनीची ओळख आहे, दर्जाची सर्वमान्य खूण नव्हे.

नवे पॅड लावले की लगेच घाटात न्या : आधी मध्यम वेगावरून हळूहळू ब्रेक लावत, मध्ये गार होऊ देत ते डिस्कवर बसवून घ्या.

न्यूट्रलमध्ये घाट उतरला की पेट्रोल वाचतं : आताची इंजिनं गिअरमध्ये उतरताना इंधन बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र ते जळतच राहतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

तापलेल्या डिस्कवर पाणी ओता : डिस्क वाकते किंवा तडकते. गाडी थांबवा आणि वाट पाहा.

मग काय घ्यावं?

आधी टायर पाहा, मग ब्रेक ऑइल बदला, त्यानंतर पॅडकडे वळा. मूळ कंपनीचे किंवा 90 आर खूण असलेले, गारव्यातही धरणारे आणि चार-पाचशे अंशांपर्यंत टिकणारे रस्त्याचे पॅड घ्या. नामांकित कंपन्यांच्या यादीत ते ‘स्ट्रीट’ म्हणून वेगळे दिलेले असतात. खोकं सीलबंद असावं आणि पक्कं बिल घ्यावं, कारण बनावट पॅड बाजारात आहेत आणि ते डोळ्यांना ओळखू येत नाहीत. दुकानदार ‘रेसिंगचे देऊ का?’ म्हणाला, तर त्याला एकच विचारा : गार असताना हा पॅड किती धरतो? आलेख दाखवता आला नाही, तर तो पॅड तुमच्या गाडीसाठी नाही.