दूरचं पालकत्व

‘दत्तक’ हा शब्द आपण मराठीत फार सैल हातानं वापरतो. कुणी गाव दत्तक घेतं, कुणी झाड घेतं, कुणी प्राणिसंग्रहालयातला वाघ घेतं. तसंच एखाद्या गरीब मुलाची वर्षाची फी भरली, की ‘आम्ही एक मूल दत्तक घेतलंय’ असंही सांगतो. कायद्याच्या भाषेत ते दत्तक नव्हे. मूल आपल्याच घरी राहतं, आईबापांकडे किंवा आजीकडे. दुसरं कुणीतरी लांबून त्याच्या शाळेचा, औषधपाण्याचा खर्च उचलतं. सरकारी मराठीत याला प्रायोजकत्व म्हणतात. मी आपलं दूरचं पालकत्व म्हणते.

हे मी आज बोलते आहे, कारण असं पालकत्व मी जवळून पाहिलं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर पाथर्डी-शेवगाव भागातल्या एका केंद्रात मी सहा-सात वर्षं शिकवायला जात होते. केंद्र चर्चच्या आवारात होतं, पैसा परदेशातल्या ख्रिस्ती देणगीदारांचा होता. मी स्वतः ख्रिस्ती नाही. तिथले पाळक एक दिवस घरी आले आणि म्हणाले, ‘बाई, आमच्याकडे पुस्तकं आहेत, खाऊ आहे, डॉक्टर येतो. वाचायला शिकवणारं माणूस नाही.’ मी हो म्हटलं.

या पद्धतीची मुळं आपल्या मातीतही आहेत. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. बॉस्टनला त्यांच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, गावोगावी रमाबाई मंडळं निघाली आणि त्यांनी दहा वर्षं पैसे पाठवायचं वचन दिलं. त्या आधारावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उभं राहिलं. अर्थात तो पैसा संस्थेला होता. ‘या मुलाचा खर्च या माणसाकडे’ अशी नावानिशी जोडी लावायची कल्पना नंतर रुजली. १९३८ मध्ये व्हर्जिनियातल्या कॅल्विट क्लार्क नावाच्या प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकानं चिनी अनाथ मुलांसाठी निधी काढला, तीच पुढे ख्रिश्चन चिल्ड्रन्स फंड झाली. कोरियाच्या युद्धानं तर अशा संस्थांना वेगच दिला. बॉब पिअर्स यांची वर्ल्ड व्हिजन १९५० ची आणि एव्हरेट स्वॉन्सन यांची कम्पॅशन इंटरनॅशनल १९५२ ची. दोन्हींचं सुरुवातीचं काम रस्त्यावर आलेल्या कोरियन मुलांपासून सुरू झालं.

यंत्रणा साधी असते. मुलाचा फोटो आणि थोडी माहिती देणगीदाराकडे जाते. तो दरमहा ठरलेली रक्कम देतो. कम्पॅशनची अमेरिकेतली रक्कम २०१७ साली ३८ डॉलर होती. हे पैसे मुलाच्या हातात पडत नाहीत. स्थानिक केंद्र त्यातून शिकवणी, जेवण, गणवेश, तपासणी हे सगळं चालवतं. काही संस्था हा पैसा एका मुलावर न खर्चता सगळ्या गावाच्या पाण्यावर, शाळेवर खर्च करतात, म्हणजे एका भावाला दप्तर आणि दुसऱ्याला काही नाही, असं होत नाही. आणि वर्षातून दोन-तीनदा पत्रं. मूल आपल्या भाषेत लिहितं, मुख्य कार्यालयात त्याचं इंग्रजी होतं. पत्ता, फोन यांची देवघेव करायची नाही, हा कडक नियम. मुलांच्या सुरक्षेसाठी तो हवाच. तो नियम मला पटायचा, आजही पटतो.

आता त्या मुलाबद्दल. नाव सांगत नाही. २०११ मध्ये तो केंद्रात आला तेव्हा चौथीत होता. आईवडील ऊसतोडीला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. दिवाळी झाली की टोळी निघायची ती चैत्रातच परत यायची. पहिली तीन वर्षं पोरगा त्यांच्याबरोबर कोपीत राहिला. म्हणजे शाळेच्या पटावर नाव होतं, पण अर्धं वर्ष शाळाच नव्हती. चौथीला आजीनं त्याला ठेवून घेतलं. तोवर ‘क’ ओळखता यायचा. ‘का, कि, की’ आलं की गाडी थांबायची. मग पहिलं अक्षर बघून उरलेला शब्द अंदाजानं ठोकून द्यायचा. ‘पाऊस’ला ‘पाटी’ म्हणायचा. शिवाय चलाख इतका, की वर्गात शेजारच्याचं ऐकून धडा तोंडपाठ म्हणून दाखवायचा. त्यामुळे वर्षभर कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

असं मूल दुर्मीळ नाही. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं ४२.८ टक्के निघाली. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं मागे. पालकांना वाटतं पोरगं मठ्ठ आहे, शिक्षकांना वाटतं घरी लक्ष नाही. अशा वेळी मी आधी दोन गोष्टी तपासते: डोळे आणि कान. आमच्या केंद्रातली एक मुलगी दोन वर्षं ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर होती. तिला चष्मा लागला, एवढंच.

या मुलाचे डोळे उत्तम होते. त्याला चौथीचं पुस्तक देण्यात अर्थ नव्हता, आणि पहिलीचं पुस्तक दिलं तर तो लाजेनं यायचाच बंद झाला असता. म्हणून पुस्तकच बाजूला ठेवलं. त्याला बोलायला लावलं आणि तो बोलेल ते मोठ्या अक्षरात वहीत लिहिलं. ‘मोळी बांधायची. वाढं विकायचं. गाडी पहाटे भरायची.’ हे त्याचंच वाक्य असल्यामुळे त्यात काय लिहिलंय ते त्याला माहीत होतं; आता फक्त कुठला आवाज कुठल्या खुणेचा, हे बघायचं. कोयता, टोळी, मुकादम या शब्दांतून काना, मात्रा, वेलांटी, उकार सगळं येतं. रोज वीस मिनिटं, शनिवारी दोन तास. सहा महिन्यांत तो अडखळत का होईना, खरं वाचू लागला. पण हौस नव्हती. वाचायचं कशासाठी, याचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं.

ते उत्तर पत्रातून आलं. त्याच्या देणगीदार मिशिगन राज्यातल्या एक वयस्कर बाई होत्या. पहिल्या पत्रात त्यानं विचारलं होतं, ‘तुमच्याकडे ऊस आहे का?’ अडीच-तीन महिन्यांनी उत्तर आलं. आमच्याकडे ऊस होत नाही, इथे साखर बीट नावाच्या कंदापासून करतात, तो मुळ्यासारखा पांढरा असतो, माझे वडील तो पिकवत. पोरगा थक्क झाला. उसाशिवाय साखर! पुढचं पत्र: ‘बीट तोडायला कोयता लागतो का?’ उत्तर: आता यंत्रानं उपटतात. त्यावर त्यानं लिहिलं, ‘मग टोळी कुठं जाते?’ या एका ओळीचं उत्तर त्या बाईंनी दोन पानी दिलं. यंत्रं येण्याआधी टेक्सासमधून, मेक्सिकोतून कुटुंबंच्या कुटुंबं बीटच्या हंगामाला यायची, पोरंही रानात राबायची, शाळेत उशिरा यायची आणि लवकर निघून जायची, असं त्यात होतं. भाषांतर करणाऱ्यानं ते मराठीत नेटकं उतरवलं होतं. त्या पोरानं ते पत्र माझ्या मदतीशिवाय वाचलं, संध्याकाळी आजीला वाचून दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, ‘बाई, तिकडं पण हाये.’

सगळ्यांच्या नशिबी असं पत्र नव्हतं. बऱ्याच मुलांना वर्षात एक छापील कार्ड यायचं, काहींना तेही नाही. पत्रांचं पाकीट उघडायच्या दिवशी अशी मुलं भिंतीला टेकून उभी राहायची. पैसे देऊन पत्र न लिहिणाऱ्यांनी हे डोळ्यांनी बघायला हवं होतं, असं मला अनेकदा वाटलं.

याचा उपयोग किती होतो? ब्रूस वायडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत, केनिया, युगांडा, बोलिव्हिया, ग्वाटेमाला आणि फिलिपिन्स अशा सहा देशांत कम्पॅशनच्या योजनेत वाढलेल्या मुलांचा, मोठेपणी ती कुठं पोचली याचा अभ्यास केला. दहा हजारांवर माणसांची माहिती घेतली. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. योजनेतली मुलं इतरांपेक्षा साधारण एक ते दीड वर्ष जास्त शिकली होती आणि पगारी, बैठ्या नोकरीत जाण्याचं प्रमाणही त्यांच्यात वाढलेलं होतं. याच अभ्यासकांपैकी काहींनी नंतर इंडोनेशियात मुलांना रंगखडू देऊन स्वतःचं चित्र काढायला सांगितलं. योजनेतल्या मुलांच्या चित्रांत आशेच्या, आनंदाच्या खुणा जास्त सापडल्या. हे एकाच संस्थेबद्दलचं आहे, सगळ्यांना सरसकट लावू नये. पण निव्वळ दप्तर-गणवेशानं हे घडत नाही, आपण काहीतरी होऊ शकतो असं मुलाला वाटावं लागतं, या त्यांच्या तर्काशी मी शिक्षिका म्हणून सहमत आहे.

दुसरा एक अभ्यास मला जास्त अस्वस्थ करतो. अमेरिकेत मोठ्या माणसाची आणि मुलाची जोडी लावून देणाऱ्या कार्यक्रमांबद्दल जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ मध्ये लिहिलं. वर्षभर वा जास्त टिकलेल्या जोड्यांत मुलांना चांगला फायदा झाला. पण पहिल्या काही महिन्यांतच तुटलेल्या जोड्यांतली मुलं आधीपेक्षाही खचलेली दिसली. म्हणजे अर्ध्यावर सोडण्यापेक्षा सुरूच न केलेलं बरं.

आता धर्माचा प्रश्न, तो टाळून चालणार नाही. आमच्या केंद्रात शनिवारी प्रार्थना असे, बायबलमधली गोष्ट सांगत. नाव घालतानाच पालकांना तसं सांगितलं जाई. मी शिकवलेल्या मुलांच्या घरी खंडोबा, भगवानबाबा जिथे होते तिथेच राहिले. पण गरीब घराला ‘नको’ म्हणणं जड जातं, हेही खरं, आणि मदतीबरोबर श्रद्धा देणाऱ्याला हा प्रश्न विचारला जाणारच. सरकारनंही तो विचारला. २०१६ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानं कम्पॅशनच्या निधीला पूर्वपरवानगीची अट घातली. पैसा धर्मांतरासाठी वापरला जातो असा आरोप होता. संस्थेनं तो नाकारला. मार्च २०१७ मध्ये संस्थेनं भारतातलं काम बंद केलं. तेव्हा तिच्या योजनेत इथली सुमारे एक लाख पंचेचाळीस हजार मुलं होती. २०२० मध्ये परकीय देणग्यांचा कायदा आणखी कडक झाला, एका संस्थेनं आलेला निधी दुसरीकडे वळवायला बंदी आली. २०२४ मध्ये वर्ल्ड व्हिजन इंडियाची नोंदणीही रद्द झाली. बरोबर काय, चूक काय, यावर वाद चालू राहतील. त्या वादात मुलाला काय सांगायचं, हे मात्र कुणी ठरवलेलं नसतं.

आमचं केंद्रही त्याच सुमारास बंद झालं. पोरगा नववी संपवत होता. मी त्याला सरळ सांगितलं की परदेशातून पैसे येणं थांबलंय, यात तुझा काही दोष नाही आणि त्या बाईंचाही नाही. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘पैसे बंद झाले ते कळलं. पण बाई, पत्राला काय पैसे लागतात?’ पत्ता ना त्याच्याकडे होता, ना माझ्याकडे. त्याची नऊ पत्रं आजीच्या पत्र्याच्या पेटीत आहेत.

पाच-सहा मुलं मी माझ्या ओट्यावर बोलावली. खाऊ, डॉक्टर हे मला परवडणारं नव्हतं. गल्लीतल्या दुकानदारानं वह्या दिल्या, पाळकांनी फळा दिला. २०१८ ला तो दहावी झाला, पुढे आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलं. आता शेवगावला ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये आहे.

परदेशी पैसा नसला तरी काही वाटा आहेत, त्या माहीत असाव्यात. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. अनाथ, एकच पालक असलेलं किंवा पालक गंभीर आजारी असलेलं मूल घरीच वाढावं म्हणून २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे दरमहा ४,००० रुपये आहेत. ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२ हजारांच्या आत लागतं. चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात करावी. नुसतं ऊसतोडीला जाणं हा त्यात निकष नाही; त्या मुलांसाठी गावातली हंगामी वसतिगृहं आहेत आणि २०२१ पासून संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. अर्ज भरायला, दाखल्यांसाठी तहसीलला खेपा घालायला मात्र कुणीतरी लिहिता-वाचता माणूस लागतो. तुम्हाला पैसे देणं शक्य नसेल, तर एवढं करा. एका मुलाच्या कागदपत्रांमागे महिनाभर लागा.

आणि शिकवायला बसणार असाल तर दिवस आणि वेळ ठरवा, जमेल तितकाच ठरवा, पण मोडू नका. आठवड्यातून एकदाच येणारी, पण येणारी बाई मुलाला पुरते.

सध्या माझ्याकडे दोन बहिणी येतात. थोरली पाचवीत आहे, जोडाक्षरांवर अडते. धाकटी भराभर पुढे चालली आहे. दिवाळीनंतर त्यांचे आईवडील टोळीबरोबर निघतील. वडील नाहीत म्हणतात, आई ठेवायला तयार आहे, आणि आजीला आता दिसत नाही, त्यामुळे दोन पोरींचं करायचं कसं, यावर घरात अजून काही ठरलेलं नाही. वसतिगृहाचा अर्ज भरून दिलाय. परवा पुन्हा तहसीलला जायचंय.