नवा लूम कारखान्यात येतो, पण कारागिराच्या मनात कधी येतो?

नवीन यंत्र घ्यावे की जुन्यावरच भागवावे, हा प्रश्न आपल्या धंद्यात दर दहा-पंधरा वर्षांनी उभा राहतो. अशा वेळी आपण किंमत विचारतो, बँकेचे व्याज काढतो आणि रोज किती मीटर कापड निघेल याचा हिशेब मांडतो. पण हे यंत्र चालवणारा माणूस आणि त्यावरचे कापड घेणारा माणूस ते मनापासून स्वीकारतील काय, हा हिशेब कोणी मांडत नाही. मीही मांडला नव्हता. त्याची किंमत मला मोजावी लागली, म्हणून हा लेख.

माझा धंदा ग्रे कापडाच्या खरेदी-विक्रीचा. २००६ साली एका नातलगाच्या भागीदारीत आम्ही दोन जुने रेपियर लूम घेतले. साध्या लूममध्ये धोटा इकडून तिकडे फिरतो आणि त्यातल्या कांडीचा धागा विणला जातो. रेपियरमध्ये धोटा नसतो. एक पट्टी आडवा धागा पकडून थेट आत नेते. कापड दुप्पट निघेल असा आमचा हिशेब होता. प्रत्यक्षात पहिल्या चार महिन्यांत तीन कारागीर सोडून गेले, लुंगीचा माल परत आला आणि एक लूम तोट्यात विकावा लागला.

आम्ही कारागिरांना दोष दिला. “या लोकांना नवीन काही नकोच असते,” असे मीच बोललो होतो. शेवटी आमच्याकडील एका बुजुर्ग कारागिराने, ज्यांना सगळे चाचा म्हणत, मला बाजूला घेऊन सांगितले, “सेठ, लूम तुमचा तेज आहे, पण माझा हप्ता निम्मा झाला.”

तेव्हा डोके ठिकाणावर आले. मजुरी मीटरवर होती. वेगवान लूमला मजबूत आणि नीट सायझिंग केलेले सूत लागते. आम्ही जुनेच स्वस्त सूत चढवले, त्यामुळे धागा सारखा तुटे आणि लूम बंद राही. कारागीर नवे काम शिकत होता, त्या शिकण्याचा तोटा त्याच्या हप्त्यातून जात होता आणि पुढचा नफा मात्र आमच्या वहीत यायचा होता. अशा सौद्याला कोण राजी होईल?

लुंगीचे कारण वेगळे होते. साध्या लूमवर आडवा धागा काठाशी न तुटता परत फिरतो, म्हणून किनार बंद आणि गुळगुळीत येते. आमच्या लूमवर प्रत्येक आडवा धागा काठाशी कापला जाई, म्हणून किनारीला सुटे धागे दिसत. लुंगी घेणारा गिऱ्हाईक आधी काठावर बोट फिरवतो. त्याला तो माल फाटका वाटला. वीण चांगली होती, पण त्याच्या हाताची सवय वेगळी होती.

हे आपल्याच कारागिरांचे वैशिष्ट्य नाही. अमेरिकेतील आयोवा राज्यात १९२८च्या सुमारास मक्याचे संकरित बियाणे आले. उत्पन्न सुमारे वीस टक्क्यांनी वाढत होते. तरी जवळजवळ सर्व शेतकऱ्यांपर्यंत ते पोहोचायला तेरा वर्षे लागली. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या अभ्यासकांनी दोन वस्त्यांतील २५९ शेतकऱ्यांना विचारून १९४३ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील दोन गोष्टी प्रत्येक व्यापाऱ्याने गाठीला बांधाव्यात. पहिली, बियाण्याची बातमी बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली, पण खात्री पटली ती शेजाऱ्याच्या शेतावरून. दुसरी, ज्यांनी ते आधी घेतले त्यांनीही सगळे शेत एकदम लावले नाही. थोड्या तुकड्यात पेरून पाहिले, मग वाढवले.

पुढे एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ साली अशा अनेक अभ्यासांचे सार एका ग्रंथात मांडले. नवी वस्तू लवकर रुजते की नाही, हे पाच गोष्टींवर ठरते असे त्यांचे म्हणणे. जुन्यापेक्षा फायदा आहे काय? आपल्या रीतीभातीत बसते काय? समजायला सोपी आहे काय? थोडक्यात आजमावून पाहता येते काय? आणि तिचा फायदा दुसऱ्याला डोळ्यांनी दिसतो काय? आमचे रेपियर या परीक्षेत जवळजवळ सगळीकडे नापास होते. फायदा होता, पण तो मालकाचा.

आपल्या धंद्याचा इतिहासही हेच सांगतो. इंग्लंडमध्ये जॉन के याने १७३३ साली दोरीच्या झटक्याने फेकला जाणारा धोटा काढला. त्याआधी धोटा हाताने फेकत, म्हणून हात पोहोचेल तेवढाच कापडाचा पन्हा. रुंद कापडाला दोन माणसे लागत. नव्या धोट्याने ते काम एकटा करू लागला. मग दुसऱ्याच्या रोजीचे काय? विणकरांनी विरोध केला तो या भीतीने. कारखानदारांनी धोटा वापरला, पण के याला त्याचा हक्काचा मोबदला देण्यास टाळाटाळ केली. तो शेवटी फ्रान्सला निघून गेला. धोटा मात्र राहिला आणि पुढे आपल्याकडच्या हातमागांवरही पोहोचला.

आता उलट उदाहरण पाहू. २०१६ साली मोबाईलवरून पैसे देण्याची यूपीआयची सोय आली. तेव्हा आपले दुकानदार कचरत होते. हात कामात असताना गिऱ्हाईक “पैसे पाठवले” म्हणून निघून जाई. खरे की खोटे, कसे पाहावे? नंतर बोलणारी पेटी आली. रक्कम जमा होताच ती मोठ्याने सांगते. मोबाईल पाहायला नको, वाचता आले नाही तरी हरकत नाही. शेजारच्या दुकानातही आवाज जातो, म्हणून शेजारीही मागवतो. येथे यंत्राने माणसाची अडचण ओळखली. चहाच्या टपरीपर्यंत ही सोय पोहोचली त्यात या पेटीचा वाटा मोठा आहे.

आम्हीही उरलेल्या लूमबाबत तेच केले. शिकण्याच्या तीन महिन्यांसाठी मीटरची मजुरी बंद करून बांधील रोज दिला. सूत चांगले आणले. लुंगी सोडून शर्टाचे कापड घेतले, कारण तेथे काठ शिंप्याच्या कात्रीखाली जातो, गिऱ्हाईकाच्या बोटाखाली नाही. चाचांनी स्वतः लूम हाती घेतला. त्यांचा हप्ता वाढलेला दिसल्यावर इतर दोघे आपणहून आले. मी सहा महिने समजावून जे झाले नव्हते, ते एका हप्त्याच्या पाकिटाने झाले.

केंद्र सरकारने १९९९ साली वस्त्रोद्योगाच्या आधुनिकीकरणासाठी कर्जावरील व्याजात सवलतीची योजना आणली. त्यानंतरही अशा योजना येत राहिल्या. तरी भिवंडी आणि मालेगावात साधे लूम आजही मोठ्या संख्येने खडखडत आहेत. सवलतीने यंत्र स्वस्त होते, पण त्यामुळे चांगले सूत, शिकलेला हात आणि बदललेला गिऱ्हाईक मिळत नाही.

म्हणून व्यापारी आणि कारखानदार बंधूंना एवढेच सांगणे आहे की, नवीन यंत्र किंवा नवे डिझाइन आणण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःला विचारावेत. शिकण्याच्या काळातील तोटा कोण सोसणार? फायद्यातला वाटा काम करणाऱ्याला मिळणार काय? गिऱ्हाईक माल हातात घेऊन आधी काय पाहतो? आणि एका लूमवर, एका ठाणावर आधी आजमावून पाहता येईल काय?

यांची उत्तरे मिळाल्याशिवाय बँकेच्या कागदावर सही करू नये. आणि कारागीर “नको” म्हणाला तर त्याला अडाणी ठरवण्याआधी त्याचा हप्ता तपासावा.