काळ्या तारा शेजारी-शेजारी

पुण्याच्या जुन्या बाजारात ४८६ संगणकाचा मदरबोर्ड मिळाला, तो मी पिशवीत न टाकता हातात धरूनच घरी आणला. त्यावरची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी गळून हिरवट झाली होती. ४८६च्या काळातले कितीतरी बोर्ड याच गळतीने मरतात, आणि ते पाहून जीव तुटतो. गळलेलं द्रव्य अल्कलीचं, म्हणून जागा व्हिनेगरने पुसली. गळतीने खाल्लेली तांब्याची एक रेघ बारीक तारेने सांधली. मग १९९२चा इंटेल डीएक्स-२ प्रोसेसर बसवला. बोर्ड ३३ मेगाहर्ट्झवर चालतो, हा आतल्या आत दुप्पट, ६६वर! वीजपुरवठ्याचे दोन कनेक्टर लावताना काळ्या तारा मधोमध, शेजारी-शेजारीच हव्यात. अदलाबदल झाली तर बोर्ड जळू शकतो. तीनदा तपासून बटण दाबलं. पडद्यावर रॅमचे आकडे चढू लागले, तशी मी आईला हाक मारली.