निर्धन रुग्ण निधीची संगणकीय नोंदवही : नव्या पानाला नियम आपोआप कसा लागू होतो

आपण दिलेल्या देणगीचा विनियोग कसा झाला, हे या अहवालातील जमाखर्चाच्या तक्त्यांवरून कळते. परंतु ज्या दैनंदिन नोंदींवरून हे तक्ते तयार होतात, त्या बिनचूक राहाव्यात यासाठी कोणती व्यवस्था आहे, अशी पृच्छा काही देणगीदारांनी आमच्याकडे केली. या व्यवस्थेत एक उणीव राहून गेली होती आणि तिची झळ एका कुटुंबाला सोसावी लागली. ती उणीव कोणती व ती कशी दूर केली, हे येथे निःसंकोचपणे नमूद करणे आम्हांस उचित वाटते.

निधी आणि त्याची नोंदवही

सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली आखून दिलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी अन्य रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग केली जाते.

या निधीची नोंदवही आमच्या समाजसेवा विभागात एक्सेलमध्ये ठेवलेली आहे. वर्षाची एक फाईल आणि प्रत्येक महिन्याचे एक पान, अशी तिची रचना आहे. रुग्णाचा प्रवर्ग, उत्पन्नाचा दाखला, घेतलेली अनामत, परत केलेली अनामत, देयक आणि निधीतून दिलेली रक्कम असे तिचे रकाने आहेत.

मॅक्रो म्हणजे काय?

संगणकाने ठरावीक प्रसंगी ठरावीक काम स्वतःहून करावे, यासाठी फाईलमध्येच लिहून ठेवलेल्या सूचनांना मॅक्रो म्हणतात. आमच्या नोंदवहीतील मॅक्रो दोन कामे करतो. रुग्णाचा प्रवर्ग निश्चित होताच त्या दिवशीची तारीख तो कायमची उमटवतो. साध्या सूत्राने ही तारीख घातली, तर ती दररोज बदलत राहते. म्हणून येथे मॅक्रोच हवा. दुसरे असे की, निर्धन ठरलेल्या रुग्णाकडून पूर्वी अनामत घेतलेली असेल, तर ती परत केल्याची तारीख भरली जाईपर्यंत संबंधित चौकट लाल राहते.

त्या महिन्यात काय घडले?

हा मॅक्रो प्रारंभी प्रत्येक पानाच्या आत स्वतंत्रपणे ठेवलेला होता. नवा महिना सुरू झाला की आमच्या लिपिक भगिनी मागील पानाची संपूर्ण प्रत काढून जुन्या नोंदी पुसत असत. अशी प्रत काढली असता पानासोबत त्याचा मॅक्रोही येतो. एका महिन्यात त्या रजेवर होत्या. बदली आलेल्या सहकाऱ्याने फाईलमध्ये कोरे पान उघडले आणि जुन्या पानावरील मथळे व रकाने त्यावर चिकटवले. दिसावयास दोन्ही पाने सारखीच होती. परंतु चौकटींची नक्कल केल्याने अक्षरे, रंग व रेषा येतात. पानामागील मॅक्रो येत नाही. सहकाऱ्याचा यात काहीही दोष नव्हता. नव्या पानात काय उणे आहे, हे सांगणारी एकही खूण तेथे नव्हती.

त्याच महिन्यात एका शेतमजूर मातेचा मुलगा नियोजित शस्त्रक्रियेसाठी दाखल झाला. कागदपत्रे हाती नसल्याने तिने उसनवारी करून अनामत भरली. पुढे दाखला मिळाला, मुलगा निर्धन प्रवर्गात धरला गेला आणि उपचार विनामूल्य झाले. अनामत मात्र परत करावयाची राहिली. लाल चौकट दिसली नाही, म्हणून सर्व ठीक आहे असे आम्ही समजलो. दोन महिन्यांनी अंतर्गत तपासणीत ही बाब उघडकीस आली. रक्कम तत्काळ परत करून आम्ही त्या मातेची क्षमा मागितली. तथापि त्या दोन महिन्यांत उसनवारीचा भार तिलाच वाहावा लागला, याची खंत आम्हांस आहे.

तीन मार्ग

नव्या पानाला मॅक्रो आपोआप लाभावा, यासाठी आमच्यासमोर तीन मार्ग होते.

पहिला मार्ग आदर्श पानाचा. एक कोरे, परंतु मॅक्रोसह सिद्ध केलेले पान ठेवावे आणि दर महिन्यास त्याचीच प्रत काढावी. हा मार्ग सोपा आहे. पण प्रत काढण्याची आठवण माणसाला राहिली पाहिजे. शिवाय बारा पानांत मॅक्रोच्या बारा प्रती होतात. एकीत सुधारणा केली तरी अन्य अकरा जुन्याच राहतात.

दुसरा मार्ग अधिक चतुराईचा. फाईलमध्ये नवे पान उघडले गेले की एक्सेल त्याची वर्दी देते. तिला ‘न्यूशीट’ घटना म्हणतात. ती वर्दी मिळताच एका मॅक्रोने दुसऱ्या मॅक्रोच्या ओळी नव्या पानामागे लिहून टाकाव्यात, अशी सोय एक्सेलमध्ये आहे. परंतु त्यासाठी फाईलमधील मॅक्रोंना मॅक्रो लिहिण्याची मुभा प्रत्येक संगणकावर स्वतंत्रपणे द्यावी लागते. ही मुभा मुळात बंद असते आणि त्यास कारणही तसेच आहे. १९९६ मधील एक्सेलचा ‘लारू’ आणि १९९९ मधील वर्डचा ‘मेलिसा’ हे विषाणू स्वतःच्या मॅक्रोची नक्कल दुसऱ्या फाईलींत उतरवत असत. ज्या संगणकांवर रुग्णांची खाजगी माहिती आहे, तेथे केवळ आपल्या सोयीसाठी हे दार उघडे ठेवणे आम्हांस योग्य वाटले नाही.

तिसरा मार्ग आम्ही स्वीकारला. मॅक्रो पानामागे न ठेवता संपूर्ण फाईलच्या पातळीवर एकदाच ठेवला. फाईलमधील कोणत्याही पानावर काही बदलले, की ‘शीटचेंज’ या घटनेद्वारे कोणते पान व कोणती चौकट बदलली हे त्यास कळते. नवे पान कोणीही, कसेही उघडले तरी ते याच फाईलचे असल्याने नियम त्यास लागू होतो. नव्या पानावर काही लिहावे लागत नाही, म्हणून वर सांगितलेली मुभाही द्यावी लागत नाही. ‘न्यूशीट’ घटनेचा उपयोग आम्ही फक्त नव्या पानावर मथळे मांडण्यासाठी करतो.

येथे एक दक्षता घेतली आहे. नियम कोणत्या पानांना लागू, याची यादी न करता कोणत्या पानांना लागू नाही, याची यादी केली. गोषवारा व सूची ही दोनच पाने वगळली आहेत. उर्वरित सर्व पाने नियमाखाली येतात. पानाचे नाव चुकले तरी त्यामुळे ते नियमातून सुटत नाही.

या व्यवस्थेच्या मर्यादा

मॅक्रो बंद ठेवून फाईल उघडली तर ही व्यवस्था मूक होते. म्हणून प्रत्येक वेळी फाईल जतन होताना नोंदींची पाने झाकली जातात व केवळ एक सूचना देणारे पान दिसत राहते; मॅक्रो सुरू असेल तरच नोंदी पुन्हा उघडतात. हे कुलूप नव्हे, आठवण आहे. तसेच २००७ च्या आवृत्तीपासून एक्सेलच्या नेहमीच्या ‘एक्सएलएसएक्स’ प्रकारात मॅक्रो जतन होत नाहीत. त्यामुळे ही फाईल ‘एक्सएलएसएम’ प्रकारातच ठेवण्याची सक्त सूचना दिली आहे. मॅक्रोने पानावर काही बदलल्यानंतर ‘अनडू’ करून मागे जाता येत नाही. म्हणून रोज सायंकाळी फाईलची स्वतंत्र प्रत काढून ठेवली जाते.

सर्वांत मोलाचा उपाय मात्र साधा आहे. प्रत्येक महिन्याच्या आरंभी समाजसेवा अधिकारी नव्या पानावर मुद्दाम एक काल्पनिक नोंद करतात : रुग्ण निर्धन, अनामत घेतलेली, परतीची तारीख कोरी. चौकट लाल झाली की ती नोंद पुसून, तपासणी झाल्याची स्वाक्षरी वहीत करतात. लाल न झाल्यास त्या पानावर काम सुरू होत नाही. इशारा न येणे म्हणजे चूक नसणे, असे आता आम्ही गृहीत धरीत नाही.

नातेवाइकांना आमची विनंती आहे की, रुग्ण निर्धन वा दुर्बल घटकांत मोडत असल्यास आपण भरलेल्या अनामतीची पावती जपून ठेवावी आणि घरी जाण्यापूर्वी समाजसेवा विभागात अवश्य दाखवावी. यंत्र विसरले तरी ती पावती आम्हांस आठवण करून देईल. देणगीदार व विश्वस्त यांनी ही नोंदवही केव्हाही पाहावयास मागावी. रुग्णांची नावे झाकून ती दाखविण्यास आम्ही बांधील आहोत. आपल्या विश्वासाचे ऋण फेडण्याचा तोच एक मार्ग आम्हांस ठाऊक आहे.